दाराजवळची जागा

थोरली आणि धाकटी, दोघी सख्ख्या बहिणी, एकाच कारखान्यात शर्ट शिवायच्या. थोरलीला तिथं चौदा वर्षं झाली होती, धाकटीला सहा. टेम्पोची धडक बसून धाकटीचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला, तेव्हा थोरलीनं नाक न मुरडता तिचं सगळं केलं. नोकरी गेलीच, असं सगळे धरून चालले होते.

पण कारखान्यात शिलाईवर देखरेख करणाऱ्या मास्तरांनी तिला परत बोलावलं. तिचं मशीन दाराजवळ हलवलं, पेडल डाव्या पायाला येईल असं सरकवून दिलं. बसची गर्दी टळावी म्हणून अर्धा तास उशिरा यायची मुभा दिली, आणि कृत्रिम पायाच्या मापासाठी दर मंगळवारी सुट्टी.

थोरलीच्या पोटात दुखू लागलं. दाराशी वारा होता, उजेड होता. मास्तर येता-जाता धाकटीला विचारायचे, जमतंय ना? चौदा वर्षांत थोरलीला तसं कुणी विचारलं नव्हतं. घरी आईच्या तोंडीही धाकटीचंच कौतुक. पाय गेलेल्या बहिणीचा हेवा करतो आपण, याची लाज वाटायची आणि ती आणखीच जळायची.

एक दिवस तिनं मास्तरांना सांगितलं की बाकीच्या बायका कुरकुरतात, एकीचेच एवढे लाड कशाला म्हणून. कुणीही कुरकुरत नव्हतं. मास्तर भिडस्त माणूस. कटकट नको म्हणून त्यांनी सगळ्या सवलती बंद केल्या. धाकटी पुन्हा मधल्या रांगेत गेली आणि दाराजवळ थोरली बसली.

चार दिवस धाकटीनं अंग तिरकं करून डाव्या पायानं उजवीकडचं पेडल दाबलं. बसमध्ये कुबड्या सावरत उभी राहिली. पाचव्या दिवशी तो डावा पाय सुजला. आता पुरे, नोकरी सोडते, असं तिनं आईला सांगितलं.

शेजारी भाजी निवडणाऱ्या थोरलीचे हात थांबले.

"मास्तरांचे कान मीच भरले," ती म्हणाली.

धाकटीनं सुजलेला पाय जवळ ओढून घेतला. मग म्हणाली, "माझ्या जागी बसून काय मिळालं तुला, ताई?"

"वारा मिळाला. जमतंय का, ते कुणी नाही विचारलं." थोरलीनं निवडलेली भाजी बाजूला सारली. "चार वर्षं पाठ धरतेय माझी. मास्तरांना सांगितलं की म्हणतात, वय झालं."

"मला सांगायचंस."

"तू विचारलंस कधी?"



दुसऱ्या दिवशी थोरलीनं सगळ्यांदेखत मास्तरांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी तिला चांगलंच झापलं, पण धाकटीची जागा, पेडल, मंगळवार सगळं परत केलं. धाकटी कामावर आली, थोरलीशी मात्र पंधरा दिवस बोलली नाही. मग एका दुपारी ती कुबड्या घेऊन मास्तरांकडे गेली आणि ताईच्या स्टुलाऐवजी पाठ टेकता येईल अशी खुर्ची द्या म्हणाली.

दोन दिवसांत खुर्ची आली. थोरली टेकून बसली. कळ खरंच कमी झाली. पण खुर्चीही धाकटीच्या शब्दावर मिळाली, हे तिला खुपलंच.