साईमीच्या पोटातला पट्टकृमी

मित्रांनो, मी एक जुना पट्टकृमी आहे. फिनलंडमधल्या एका तळ्याकाठच्या दवाखान्यात, खिडकीजवळच्या काचेच्या बरणीत मला स्पिरिटमध्ये वेटोळे घालून ठेवले आहे. मला तोंड नाही, पोटही नाही. तरी मी वर्षानुवर्षे पोटभर जेवलो, कारण मी सगळ्या अंगाने शोषून घेतो.

माझा जन्म तळ्यातला. अंड्यातून बाहेर पडलो तेव्हा मी धुळीच्या कणाएवढा होतो. पाण्यातल्या एका बारीक किड्याने मला गिळले, त्या किड्याला एका पर्च माशाने. पर्चच्या मांसात शिरलो तर तिथे माझे चपटे नातलग आधीच राहत होते. काही त्याच्या डोळ्यांच्या भिंगात बसून त्याला आंधळा करत होते. शेजारून जाणाऱ्या एका चंदेरी माशाच्या पोटात माझी एक चुलत बहीण इतकी फुगली होती, की त्या माशाला कधी अंडी झालीच नाहीत. आम्हा चपट्या कृमींचे कूळ फार मोठे आहे. प्रत्येकाने माशाचा आपापला अवयव वाटून घेतला आहे.

आमच्या आंधळ्या पर्चला समोरून येणारा पाईक मासा दिसलाच नाही. अशा रीतीने मी पाईकच्या पोटात गेलो आणि तिथून त्याच्या गाबोळीत, म्हणजे अंड्यांच्या पिशवीत, जाऊन निजलो.

तो पाईक ताहवो नावाच्या कोळ्याच्या जाळ्यात सापडला. ताहवोची आई ओतीलिया हिने गाबोळीला मीठ लावले, कांदा चिरून घातला, काळ्या पावावर ती कच्चीच पसरली आणि कौतुकाने नव्या सुनेपुढे ठेवली. सुनेचे नाव साईमी. ती हसत हसत मला खाऊन गेली.

तिच्या आतड्याला चिकटून मी वाढलो, पुरुषभर उंचीच्या कितीतरी पटींनी लांब झालो. रक्त बनायला आणि नसा जिवंत ठेवायला जे लागते, ते तिच्या अन्नातून मी आधी उचलत असे. उरले तर तिला. पुढे तिला इर्या नावाची मुलगी झाली. साईमी मेणासारखी पिवळी पडली, तिची जीभ सोलल्यासारखी झाली.

"दूध काढता काढता गाईला टेकून झोपते ही!" ओतीलिया शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. "घरात सून आणली की पाहुणी?"

"आई, पायात जीवच नाही हो. लोकरीवर चालल्यासारखं वाटतं."

"जिभेत आहे ना? तेवढा पुरे."

एकदा साईमी घाबरत म्हणाली, "आई, माझ्या पोटातून पांढरी फीत पडते."

"कोणाच्या पडत नाही? माझ्याही पडते. मी लोळते का दिवसभर? गाबोळी खा, रक्त वाढेल."

ताहवो ताटातून मान वर न करता म्हणाला, "आई म्हणते तर खा ना."

ती खात राहिली. मी जेवत राहिलो.

एका शनिवारी सासू-सून सौनामध्ये, म्हणजे तापलेल्या दगडांच्या वाफेच्या न्हाणीघरात, आंघोळीला बसल्या होत्या. ओतीलिया नातीचे डोके धूत होती. अचानक करपल्याचा वास आला.

"काय जळतंय गं?"

साईमीही इकडेतिकडे पाहू लागली. तिची टाच तापलेल्या दगडांना टेकली होती आणि कातडी जळत होती. तिला काहीच कळले नव्हते. ओतीलियाच्या हातातला तांब्या खाली पडला. 

दुसऱ्याच दिवशी ताहवोने बायकोला गोठलेल्या तळ्यावरून, घसरगाडीत घालून डॉक्टर लागुस यांच्याकडे आणले.

"कच्ची गाबोळी खाता?" डॉक्टरांनी विचारले.

"रोज. सासूबाई देतात, अशक्तपणावर."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी तिला समजावून सांगितले, की ती पांढरी फीत म्हणजे कृमीचे तुकडे, आणि तो कच्च्या गाबोळीतूनच पोटात गेला.

"पाय परत येतील?"

"जीव वाचेल. पायांचं मी सांगत नाही."

कृमी पाडायला नेच्याच्या मुळाचा कडू अर्क तिला पाजला. मी सैल पडलो, बादलीत आलो आणि तिथून या बरणीत.

बर्फ वितळल्यावर साईमी पुन्हा आली, दोन काठ्यांवर. गाल लाल झाले होते. पाय मात्र फरपटत होते. या वेळी औषध इर्यासाठी हवे होते, कारण आजीने तिलाही हौसेने गाबोळी भरवली होती. ओतीलिया होडीतून उतरली नाही. "मला काही झालेलं नाही, पोरीलाही नाही," म्हणाली.

इर्याने मला पाहिले. "आई, ती पांढरी फीत वेणीला दे ना!"

 साईमीने मुलीचे नाक दाबले आणि अर्क ओतला.

"कडू आहे!"

"गीळ."

मुलीने तिचे बोट करकचून चावले. रक्त आले. लाल, दाट रक्त. मी पोटात असताना साईमीचे रक्त पाण्यासारखे होते. साईमीने हात काढला नाही.

तासाभरात इर्याची फीतही बादलीत पडली. नंतर खिडकीतून मला होडी दिसली. ओतीलियाने शिदोरी सोडून गाबोळी लावलेला पाव नातीपुढे धरला. साईमीने तो घेऊन पाण्यात टाकला.

"अन्न फेकतेस?"

"हो, आई. तुम्ही द्याल तितक्यांदा फेकीन."

ताहवो वल्ही धरून थांबला. आईकडे बघितले, बायकोकडे बघितले. मग उरलेली गाबोळी त्याने स्वतःच तळ्यात उपडी केली.

मित्रांनो, मासा नीट शिजवून खात जा. आणि कोणी पाय चालत नाहीत म्हणाले, तर त्याला आळशी म्हणण्याआधी त्याचे पाय बघा. नाही बघितलेत, तरी माझी तक्रार नाही. असल्याच घरांत आम्ही गुटगुटीत होतो.