न केलेला फोन

रोज मरे त्याला कोण रडे, म्हणतात. ताईंच्या संगणकावर उमटणाऱ्या लाल खुणेचं तसंच झालं होतं.

ताई ज्या कंपनीत तपासनीस होत्या, तिथे मागणीप्रमाणे जनुकं बनवून मिळत. ग्राहकानं हवा तो क्रम लिहून पाठवायचा, कंपनीनं तसा डीएनए नळीत भरून पोचता करायचा. कुणी त्यातून लस करी, कुणी प्लास्टिक खाणारे जंतू. मागवलेला तुकडा एखाद्या रोगजंतूशी जुळला की लाल खूण येई. मग फोन करून विचारायचं, तुम्ही कोण, हे कशासाठी हवंय? नियमच होता तसा. पण विसात एकोणीस वेळा काहीच निघत नसे, वर ग्राहक खेकसत. हळूहळू फोन सुटला आणि नुसतं मंजुरीचं बटण दाबणं उरलं. नवरा गेल्यापासून तर ताईंना कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. जेवण, झोप, लाल खूण, सगळं सारखंच.

त्या दुपारी पॅकिंगचे काका ताईंनी सकाळीच मंजूर केलेला, लाल खुणेचा एक खोका घेऊन आले. निवृत्तीला टेकलेला, फटकळ माणूस. खोक्यावर नाव एका मोठ्या संस्थेतल्या संशोधकाचं, पत्ता मात्र चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा, हे त्यांनी ताईंना दाखवलं. ताई म्हणाल्या, सुतावरून स्वर्ग गाठू नका, गाडी पंधरा मिनिटांत येतेय.

काका हलले नाहीत. "माझी बायको रोज इन्शुलिन टोचून घेते, ते जंतूंकडूनच बनवून घेतलेलं असतं. या विद्येला मी नावं ठेवणार नाही. उद्या कॅन्सरवरही हीच उपयोगी पडेल. पण ताई, बाटली फुटली तर फरशी पुसता येते. जंतू सुटला तर काय पुसणार? तुम्हाला इथे बसवलंय ते विचारायला."

कटकट मिटावी म्हणून ताईंनी संस्थेत फोन लावला.

"या नावाचं आमच्याकडे कुणी नाही," पलीकडची कारकून म्हणाली. "परवा दुसऱ्या एका कंपनीनंही हेच विचारलं. त्यांच्याकडेही एक तुकडा मागवला होता. त्यांनी थांबवलाय."

म्हणजे अख्खा जंतू जुळवायला कुणीतरी वेगवेगळ्या ठिकाणांहून तुकडे गोळा करत होतं! ताईंनी तोच पत्ता जुन्या नोंदींत शोधला. मागच्या महिन्यात एक खोका गेला होता. लाल खूण, आणि मंजुरी ताईंची.

कित्येक महिन्यांनी त्यांना भीती वाटत होती.

ती नोंद काकांनी पाहिली नव्हती. गप्प राहिल्या असत्या तर नोकरी वाचली असती. ताई उठल्या आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. "आजचा खोका थांबवलाय. मागचा मी न विचारता सोडला. पोलिसांना आत्ता कळवा, माझ्या नावासकट."

साहेबांनी त्यांना घरी बसवलं. चौकशी चालू आहे.

वाचकहो, नवी विद्या माणसाला तारेल की मारेल, हे प्रयोगशाळेत जितकं ठरतं तितकंच अशा साध्या टेबलांवरही ठरतं. कंटाळा सगळ्यांनाच येतो. पण आपल्याला काही वाटलं नाही म्हणून धोका टळत नाही. ज्याला विचारायला बसवलंय त्यानं विचारलंच पाहिजे, विसाव्या वेळीही.

मागच्या महिन्यातला तो खोका सापडला की नाही, हे ताईंना अजून कुणी सांगितलेलं नाही. त्या रोज सकाळी साहेबांना फोन करून विचारतात.