वाचणाऱ्यांची यादी

पूल बांधणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे दप्तरबाई म्हणत. हुद्दा चांगला लांबलचक होता, पण तो फक्त ओळखपत्रावर. कंपनीचे सगळे कागद एका सामायिक ड्राइव्हवर होते आणि बारा वर्षांत तिथे कुणी झाडू मारला नव्हता. एकाच नकाशाच्या नऊ-नऊ प्रती: 'अंतिम', 'अंतिम दोन', 'हाच अंतिम', 'कृपया हाच वापरा'. आदल्या वर्षी कारखान्याने 'अंतिम दोन' उघडून ऐंशी पोलादी पट्ट्यांना भोकं पाडली. खरा नकाशा होता 'हाच अंतिम'. पट्ट्या भंगारात गेल्या आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी तिला बोलावलं.

"सगळं नव्या प्लॅटफॉर्मवर न्या," ते म्हणाले. "कोणतं कोणाचं, कोणी बघायचं, किती वर्षं ठेवायचं, नियम करा. आणि माझ्यासकट सगळ्यांना ते लावा."

तिने नऊ महिने तेच केलं. प्रत्येक फोल्डरला एक मालक, आणि तो नोकरीत असलेला, जिताजागता माणूस हवा. प्रत्येक कागदाची एकच चालू प्रत; जुन्या प्रती कुलपात. आणि ज्याच्या कामाला लागतं, त्यालाच उघडता येईल.

या शेवटच्या नियमावर रणकंदन झालं. खरेदीप्रमुख तर तिच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले.

"मला सगळं दिसायला हवं."

"कशासाठी?"

"असू दे हो. नजर टाकायला बरं असतं."

"कामाला लागतं का?"

"तसं लागत नाही, पण..."

"मग नाही."

"बाई, तुम्ही म्हणजे अगदी कुलूपच," म्हणत ते उठले. तेव्हा ती हसली होती.

तिचा नवरा याच कंपनीत इंजिनीअर होता. दोन वर्षांपासून तो एका खाडीवरच्या पुलाच्या कामावर होता, घरापासून अकरा तासांवर. अजून चौदा महिने बाकी होते. सुटी मिळायची ती वर्षातून दोनदा, आणि तीही क्रेन बंद असली तर. मुळात माणूस अबोल. साइटवर त्याला मौनीबाबा म्हणत आणि त्याची त्यालाही हरकत नव्हती. संध्याकाळी फोन यायचा.

"जेवलास?"

"हो."

"काय विशेष?"

"काही नाही. तुझं?"

"चाललंय."

मग दोघं थोडा वेळ एकमेकांचं श्वास घेणं ऐकायची आणि आई शेजारून हात पुढे करायच्या. आई म्हणजे तिच्या सासूबाई. त्या दिवसभराचं सगळं गाऱ्हाणं एका दमात सांगायच्या आणि तिकडून 'हं, हं' यायचं.

पण साइटची रोजनिशी तोच लिहायचा. हवा, माणसं, काम, अडचण आणि शेवटी शेरा, असे पाच रकाने. ड्राइव्ह सगळ्यांना खुला होता तेव्हापासून ती रोज सकाळी लवकर ऑफिसला यायची, आणि दिवे लावायच्याही आधी आदल्या दिवसाची रोजनिशी उघडायची. पहिले चार रकाने कुणीही लिहिले असते. शेरा मात्र त्याचाच असायचा.

'पहाटे धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता. वेल्डरने विचारलं, साहेब, आपण पूल नेतोय कुठे? त्याला सांगितलं, नकाशात काठ आहे, म्हणजे असणार.'

'बगळे क्रेनवर बसू लागले आहेत. ऑपरेटर भोंगा वाजवतो, ते उडतात, पुन्हा येतात. कामात खंड नाही. ऑपरेटरची मात्र चिडचिड होते.'

'आज काँक्रीट ओतताना कुणीच ओरडलं नाही. असे दिवस फार नसतात, म्हणून नोंद.'

ती ते दोनदा वाचायची आणि मग दिवे लावायची. संध्याकाळी घरी गेल्यावर आईंना सांगायची, "तिकडे काल धुकं होतं हं." आई म्हणायच्या, "मग घसा धरला असेल त्याचा." त्या धुक्यावर दोघींची रात्रीची भाकरी-भाजी सुखाने व्हायची.

फोल्डर एकेक करत ती शेवटी खाडीवरच्या पुलापाशी आली. रोजनिशी वाचणाऱ्यांच्या यादीत एकतीस नावं होती. साइटप्रमुख, सुरक्षा अधिकारी, करार विभागाचे वकील, यांना ठेवलं. उरलेली उडवत गेली. एकविसावं नाव तिचं होतं.

तिने कारण शोधून पाहिलं. फोल्डरची कुलपं तिच्या ताब्यात होती, पण कुलूप सांभाळायला आतलं वाचावं लागत नाही, हे तिनेच नियमात लिहिलं होतं. नाव तसंच ठेवलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं. विचारणाराच ती. तिने खुर्ची मागे सरकवली, खिडकीपर्यंत जाऊन आली. खरेदीप्रमुख पलीकडे फोनवर कुणाला तरी दमात घेत होते. ती परत बसली आणि तिने स्वतःचं नाव काढून टाकलं. 'नक्की काढायचं?' असं प्लॅटफॉर्मने एकदा विचारलं. 'हो.'

दुसऱ्या दिवशीही ती लवकरच आली. सवय. दिवे लावले आणि बसून राहिली.

नवऱ्याला तिने काही सांगितलं नाही. काय सांगणार? दोन वर्षं मी तुझा रिपोर्ट चोरून वाचत होते, हे? फोन रोजच्यासारखाच यायचा. जेवलास, हो, काय विशेष, काही नाही. आता त्या 'काही नाही'मागे खरंच तिच्यापाशी काही नव्हतं. बगळे आहेत की गेले, वेल्डर काय म्हणाला, कशाचा पत्ता नव्हता. घरातला माणूस एकदम अकरा तास दूर गेला. आधीही तो तेवढाच दूर होता, पण ते तिला जाणवलं नव्हतं.

आई रोज विचारायच्या, "काय म्हणतंय तिकडचं हवामान?" पहिले दोन दिवस तिने टाळलं. तिसऱ्या दिवशी ठोकून दिलं, "छान ऊन आहे." चौथ्या दिवशीही ऊन. पाचव्या दिवशी फोन आईंच्या हातात गेला आणि त्या एकदम तिच्याकडे वळल्या.

"अगं, चार दिवस धो धो पाऊस आहे म्हणतोय! कपडे वाळत नाहीत त्याचे. आणि तू ऊन कुठून आणलंस?"

तिला हसू यायला हवं होतं. पण ओट्यापाशी जाऊन तिने उगाच नळ सोडला आणि धुतलेलीच पातेली पुन्हा धुतली. आई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नळ बंद केला.

दीड महिन्याने साइटप्रमुखांचा ऑफिसात फोन आला. आवाज चढलेला.

"मॅडम, नव्या प्लॅटफॉर्मवर शेऱ्याच्या रकान्याला शब्दांची मर्यादा घातलीय का तुम्ही?"

"नाही. का हो?"

"मग आमच्या मौनीबाबांना झालंय काय? पूर्वी शेरा असा लिहायचे की वकील म्हणायचे, असा पुरावा दुसऱ्या कुठल्या साइटचा नाही. आता बघा, वाचून दाखवतो. सोमवार, 'काम चालू.' मंगळवार, 'काम चालू.' बुधवारी तर नुसती रेघ. मी म्हटलं रकानाच बिघडलाय."

"कधीपासून?" तिने विचारलं.

त्यांनी तारीख सांगितली. तिने नाव काढलं त्यानंतरचा तो सहावा दिवस होता.

त्या संध्याकाळी तिने 'जेवलास?' विचारलंच नाही.

"शेरा लिहायचा का सोडलास?"

पलीकडे वाऱ्याचा आवाज कमी झाला; तो आडोशाला गेला असावा.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या साहेबांनी. वकिलांना लागतो तो. का सोडलास?"

"तुझं नाव दिसायचं," तो म्हणाला.

"कुठे?"

"रोजनिशीच्या खाली. कोणी कधी वाचलं ते लिहिणाऱ्याला दिसतं तिथे. सगळ्यात आधी तू. सात वीस, सात बावीस. एकदा आठला एक मिनिट कमी होतं, तेव्हा म्हटलं आज बस चुकली हिची." तो थांबला. "मग एक दिवस आलंच नाही. वाटलं, सुटी घेतली असेल. पाच दिवस वाट पाहिली. मग म्हटलं, कंटाळली असेल."

"अरे, विचारायचंस तरी!"

"काय विचारू? माझा रिपोर्ट का वाचत नाहीस म्हणून?"

तिने त्याला नियम सांगितला, एकतीस नावं सांगितली, एकविसावं कुणाचं तेही. तो ऐकत राहिला.

"बरोबर केलंस," शेवटी म्हणाला.

"पुन्हा घालू का नाव?"

"छे. खरेदीवाले जीव खातील तुझा."

"मग मला सांग ना इथे. रोज. जे लिहायचास ते."

"तू ऐकत असतेस ना समोर, मग सुचत नाही."

"आणि लिहिताना?"

"लिहिताना तू नसतेस. म्हणजे असतेस, पण दुसऱ्या दिवशी सकाळी."

आईंनी फोनसाठी हात पुढे केला होता, तो त्यांनी आपणहून मागे घेतला.

शेरे पुन्हा सुरू झाले असं साइटप्रमुखांनी कळवलं. त्यात काय असतं ते तिला कळायला मार्ग नव्हता आणि तिने कुणाला विचारलंही नाही. नव्या प्लॅटफॉर्मचं प्रशिक्षण द्यायला प्रत्येक साइटवर कुणीतरी जायचं होतं. खाडीच्या साइटपुढे तिने स्वतःचं नाव लिहिलं. ते कामाचंच होतं.

पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस माणसं बसली. तो शेवटच्या रांगेत, वही उघडून. वाळला होता, उन्हाने रापला होता. तिने मालक, प्रती, कुलपं सगळं समजावलं. त्याने सगळं उतरवून घेतलं. संध्याकाळी दोघं पुलावरून चालत टोकापर्यंत गेली. पुढे पाणी होतं, आणि पलीकडचा काठ स्वच्छ दिसत होता. ती म्हणाली, "बरीच मजल मारलीत." तो म्हणाला, "हं." त्याने तिचा हात धरला आणि अंधार पडेस्तोवर सोडला नाही. बोलणं तेवढंच.

सकाळी बसथांब्यावर मात्र त्याला काय झालं कुणास ठाऊक. बस दिसली आणि तो बोलायला लागला. "अगं, त्या वेल्डरचं सांगायचं राहिलं. त्याने नवे बूट घेतले, म्हणजे मुलाने पाठवले, आणि पहिल्याच दिवशी एक खाडीत पडला. तर सगळे म्हणाले सोड. पण तो ऐकेना, भरतीच्या वेळी होडी घेऊन..."

कंडक्टरने घंटी दिली. ती चढली, खिडकी गाठली. तो बसबरोबर चार पावलं चालत आला, ओठ हलत होते, काही ऐकू येईना. बस वळली.

तिने फोन लावला. "मग? होडी घेऊन?"

"होडी घेऊन निघाला तो," तो धापा टाकत म्हणाला, "एकटाच नाही, त्या ऑपरेटरला घेऊन, ज्याला पोहता येत नाही." आणि तो सांगत राहिला, होडीचं, ऑपरेटरच्या शिव्यांचं, काठावर जमलेल्या साठ माणसांचं. ती मध्ये काही बोलली नाही, अगदी 'हं'सुद्धा नाही, न जाणो थांबेल म्हणून. रस्ता खाडी सोडून टेकड्यांमध्ये शिरला तसा आवाज तुटायला लागला. "आणि मग त्याने..." एवढं आलं, आणि संपलं.

तिने फोन कानालाच ठेवला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "लागत नाही का? पुढच्या गावापर्यंत नाही लागत इथे."

"किती लांब आहे?"

"असेल तासभर."

"चालेल," ती म्हणाली, आणि फोन हातात धरून खिडकीबाहेर बघत बसली.