हत्तीच्या सोंडेवरचा जॅम

मी दुपटं बोलतोय. नाक मुरडू नका, धुतलेला आहे.

एका जुन्या चादरीच्या पोटी माझा जन्म झाला. चादर मधोमध विरली, तेव्हा आजीनं कडेचा धड भाग कापून घेतला आणि माझ्या चारी बाजू दुमडून शिवल्या. आधी मी या घरच्या मुलाला गुंडाळलं, मग त्याच्या मुलीला, म्हणजे ठमीला. दोघांनीही मला मनसोक्त भिजवलं. त्यातला बाप आता लांबच्या गावी मोठा साहेब आहे. महिन्यातून एकदा घरी येतो, कडक इस्त्रीत. मी दोरीवरून त्याच्याकडे बघतो आणि गालातल्या गालात हसतो. मला काय काय ठाऊक आहे, ते त्याच्या हाताखालच्या लोकांना कळलं तर ते त्याला पाहून उठून उभे राहायचे नाहीत.

इतक्या धुण्यांनी मी लोण्यासारखा मऊ झालो. म्हणून ठमी मोठी झाल्यावर मला फेकलं नाही, आजोबांनी पुसायला घेतलं.

आजोबांचा धंदाच पुसण्याचा. एकतीस वर्षं दुकानांच्या काचा पुसल्या. अजून रस्त्यानं जाताना परक्याच्या काचेवर डाग दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. स्वतःचा चष्मा मात्र असा, की त्यातून बघितलं तर भर दुपारी धुकं पडल्यासारखं वाटावं.

दोन वर्षांपूर्वी घरात टीव्ही आला, तर त्यांना त्यात दिसली फक्त एक उभी काच. सूनबाई औषधाच्या दुकानात कामाला गेलेली. आजोबांनी काचा पुसायचं निळं पाणी थेट पडद्यावर फवारलं, वर्तमानपत्राचा बोळा केला आणि दुकान उघडायच्या घाईत असावं तसं खसाखसा घासलं. मधोमध दुधाळ डाग पडला. ओघळ खालच्या फटीतून आत गेले आणि तळाला काळी पट्टी उमटली. संध्याकाळी फुटबॉलवाले पायांशिवाय धावत होते.

मग आजोबांनी मला पडद्यावर पांघरलं आणि सूनबाईला सांगितलं, की टीव्हीला जरा विश्रांती दिलीय. चार दिवस मी तिथं लोंबत होतो. काय हसलो म्हणता. पाचव्या दिवशी तिनं मला उचललं आणि माझं हसू थांबलं.

टीव्ही दुरुस्त करणारा आला. म्हणाला, "काका, ही दुकानाची काच नव्हे. वर नाजूक थर असतो. तो तुम्ही सोलून काढलात."

सूनबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पाळणाघराचा फॉर्म आणला, सगळा भरला, सहीची जागा तेवढी मोकळी ठेवली आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावला. "बाबा, पुन्हा असं झालं तर मी सही करीन. ठमी दिवसभर तिथं राहील."

दोन वर्षं तो कागद तिथं आहे. फ्रिज उघडताना आजोबा त्याच्याकडे न बघायची इतकी काळजी घेतात, की एकदा दुधाऐवजी लिंबाचं सरबत चहात ओतलं.

गेल्या मंगळवारी दुपारी नव्या टीव्हीवर हत्ती आला. ठमीच्या हातात जॅम लावलेला पाव. तिला वाटलं, एवढा मोठा प्राणी, उपाशी असेल. तिनं पाव हत्तीच्या सोंडेला लावला आणि तो घेईना म्हणून दाबून भरवला.

आजोबा स्वयंपाकघरातून आले आणि दारातच थिजले. घड्याळात साडेचार. सूनबाई साडेपाचला येते.

त्यांचा हात ओट्याखालच्या निळ्या बाटलीवर गेला. बाटली हलवली. झाकण काढलं. मी खिळ्यावर टांगलेला, माझा धागा न धागा ताठ झाला. मला तोंड असतं तर चावलो असतो. पण त्यांची नजर एकदाची त्या फॉर्मवर पडली. त्यांनी बाटली ठेवली आणि दुरुस्तीवाल्याला फोन लावला. एकतीस वर्षं काचा पुसलेला कसबी माणूस, त्यानं दुसऱ्याला विचारणं म्हणजे काय ते घामावरून कळत होतं. म्हणाले, शेजाऱ्यांच्या टीव्हीला जॅम लागलाय.

"शेजाऱ्यांच्या का," तो म्हणाला. "मग शेजाऱ्यांना सांगा, काका, आधी प्लग काढा. पडदा गार होऊ द्या. कागद नको, फवारा नको. मऊ फडकं साध्या पाण्यात भिजवून असं पिळा की थेंब पडता कामा नये. आणि दाबू नका. बाळाचं तोंड पुसतात तसं."

ते काम मला येत होतं.

आजोबांनी प्लग काढला. दहा मिनिटं वाट पाहिली. ती आम्हा दोघांना जड गेली. मला पिळलं, घडी घातली, जॅम भिजवला, वरच्यावर टिपला. प्रत्येक वेळी घडी बदलून कोरी बाजू. सोंड होती तिथला जॅम सुटला, कान होता तिथला सुटला. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि माझ्या पोटात काहीतरी टोचलं.

जॅममधली बी. मोहरीपेक्षा बारीक. माझ्या आणि पडद्याच्या मधोमध. थांबा, थांबा, असं मी आतल्या आत ओरडत होतो. नेमकं तेव्हाच कोपऱ्यातलं निघेना म्हणून आजोबांचा जुना हात जागा झाला आणि त्यांनी जरासं दाबलं.

करंगळीच्या नखाएवढा ओरखडा.

आजोबांनी चष्मा पुसला. पहिल्यांदाच. पुन्हा बघितलं. मग टेबलावरची फुलदाणी उचलून त्या कोपऱ्यासमोर ठेवली. मागे सरकून पाहिलं. काही दिसत नव्हतं. मी त्यांच्या मुठीतच होतो. ठमी म्हणाली, "आजोबा, फूल बाजूला घ्या ना, आतल्या हत्तीला दिसत नाही."

जिन्यात चपला वाजल्या. कुलपात किल्ली फिरली.

सूनबाई दारात आली. बंद टीव्ही, काढलेला प्लग, आजोबांच्या हातात मी. तिचा चेहरा उतरला, कारण मला ती ओळखते.

आजोबांनी फुलदाणी उचलून परत टेबलावर ठेवली. "पोरी, इथं ओरखडा पडलाय. ठमीनं हत्तीला पाव भरवला आणि मी पुसताना दाबलं. माझ्या हातून झालं."

तिनं जवळ येऊन बघितलं. बराच वेळ. मग फ्रिजकडे गेली आणि फॉर्म काढला. आजोबांनी ठमीला कडेवर घेतलं, कुणी ओढून नेत असल्यासारखं.

"टीव्ही बिघडला म्हणून मी हा भरला नव्हता, बाबा. चार दिवस तुम्ही मला सांगितलं नाहीत म्हणून भरला होता."

तिनं फॉर्म उलटा केला, पेन घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसली. आधी प्लग. मग गार. मग हे दुपटं. आजोबांना विचारून विचारून लिहिलं, आणि त्यांनीही वय दहा वर्षांनी कमी झाल्यासारखं सांगितलं. बिया आधी टिपून घ्यायच्या, हे मात्र त्यांचं स्वतःचं.

आता मी टीव्हीशेजारच्या डब्यात राहतो. तुमच्याही घरी असा एखादा मऊ म्हातारा असेल. त्याला ओटा पुसायला लावून वर पडद्याला नेऊ नका, एवढंच सांगणं.

काल ठमीनं हत्तीला पाणी पाजलं. आजोबांनी आधी प्लग काढला, मग मला काढलं. आणि मला पडद्याला लावण्याआधी सूनबाईला फोन केला.