बंद गाडीचा नाद

मी एक जीप आहे आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, तो आवाज माझा नव्हता. बाकी खडखड, खुळखुळ, करकर म्हणाल ती सगळी माझी. लष्करात राबलेल्या गाडीचे सांधे वाजणारच. पण ज्या आवाजापायी मालक मला विकायला निघाले होते, तो माझ्या कुठल्याच नटबोल्टातून येत नव्हता. मला तोंड असतं तर मी तेव्हाच भांडले असते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आता आठवत नाही. आठवतो तो फौजेचा हिरवा रंग आणि साहेबलोकांचे चिखलाचे बूट. तिथं मला नाव नव्हतं, नंबर होता. पुढं म्हातारी ठरवून मला पुण्याकडच्या लिलावात उभं केलं. येणारा-जाणारा टायरला लाथ मारून बघायचा. गाडी पारखायची ही कुठली रीत, देव जाणे! एकानं मात्र लाथ मारली नाही. त्यानं मला चालू केलं, बॉनेट उघडलं आणि डोळे मिटून ऐकत उभा राहिला.

"हिचं काळीज चांगलं हाय," तो म्हणाला.

ते आकाराम हवालदार. तोफखान्यात ड्रायव्हर होते, एकाहत्तरची लढाई करून पेन्शनीत आले होते. त्या एका वाक्यावर मी त्यांची झाले.

त्यांचं गाव पाटणच्या पुढं, कोयनानगरच्या रस्त्याला. दारात पोचले तेव्हा त्यांच्या बायकोनं, विजयमालानं, माझ्या चाकांवर पाणी घातलं, मला ओवाळलं आणि म्हणाली, "या सवतबाई!" बोलली तसं, पण माझ्या सीटची गादी तिनंच शिवली.

हवालदार भाड्यानं माणसं नेऊ लागले. धरणावरचे कामगार, बाजाराची माणसं, माहेरी निघालेल्या लेकुरवाळ्या. घाटात माझा जीव कासावीस व्हायचा, पण हवालदारांचा कान माझ्यावर असायचा. पट्टा सैल झाला, क्लच घसरू लागला, की माझ्या आधी त्यांना कळायचं. "गाडी आधी बोलती, मगच दगा देती. ऐकणाऱ्यानं ऐकावं," ही फौजेतल्या उस्तादाची शिकवण ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. त्या कानाचा त्यांना फार अभिमान होता.

मग एका पावसाळ्यात तो आवाज सुरू झाला. घाटातल्या वळणावर त्यांनी मला बंद केलं आणि दचकून मागं वळले. "काय टिणटिणतंय रं?" मागच्या मंडळींनी एकमेकांकडं पाहिलं. कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. हवालदारांना मात्र येत होतं. बारीक, लांबलचक, तार वाजावी तसं. चमत्कार असा, की मी चालू असले की तो आवाज गप्प, आणि मला बंद केलं की सुरू.

शेजारच्या बनुबाईचं घर सदुसष्टच्या भूकंपात पडलं होतं. तिच्या कानावर हे गेलं मात्र, "धरणी हलायच्या आधी अशीच वाजती, बाबा," म्हणून तिनं अंथरूण अंगणात काढलं. तिचं बघून आळीतली आणखी चार अंथरुणं बाहेर आली. खापर अर्थात माझ्यावर!

शेवटी हवालदारांनी मला सांगलीला नेलं. हळदीच्या बाजारामागं जोतिबा मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्यानं माझ्या खाली शिरून पाना वाजवला, पान्याचं टोक कानाला लावलं, डायनामो खोलला, बॅटरीसुद्धा काढून बाजूला ठेवली.

"अजून वाजतंय," हवालदार म्हणाले.

"हवालदार, आता मढं बोलतंय व्हय?" मिस्त्री वैतागला.

तिथंच नानासो नावाच्या हळदीच्या व्यापाऱ्यानं मला पाहिलं आणि मागणी घातली. हवालदारांनी बॅटरी उचलून परत जागेवर बसवली. मग म्हणाले, "आमच्याकडं बेंदूर हाय. सणाच्या तोंडावर दावणीचं जनावर इकत न्हाईत. सण झाला की घेऊन जावा. माझ्या मागं लोकांची पोरंबाळं बसत्यात. ही काय तरी सांगतीया आणि मला कळंना."

मला फार वाईट वाटलं. त्याहून वाईट वाटत होतं दुसऱ्याच गोष्टीचं. मागून ट्रक हॉर्न देऊन देऊन थकत आणि हवालदार मला बाजूला घेत नसत. विजयमाला हाक मारी, ती दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतीस?" असं ते तिलाच म्हणत. हे मी बघत होते, पण सांगणार कशी?

बेंदराच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू ओढलेले खांदे हळद आणि लोण्यानं मळायचे. मी आल्यापासून विजयमाला बैलांचं झालं की माझंही बॉनेट मळायची. "ही बी वढतीच की," म्हणायची. त्या दिवशी ती वाटी घेऊन आली, तेव्हा हवालदार माझ्या बॉनेटला कान लावून उभे होते. मी सकाळपासून बंद.

"ऐक, ऐक. वाजतंय बघ."

"आवं, आज सणाचं तरी सोडा त्यो नाद!" असं म्हणत तिनं हळदीनं भरलेले दोन्ही तळहात त्यांच्या कानांवर गच्च दाबले आणि खदखदून हसली. हवालदारही हसले. मग त्यांचं हसू थांबलं.

"आगं, जास्तीच वाजाय लागलं."

"काय?"

"तू कान झाकलंस, तर जास्ती वाजतंय."

तिनं हात काढले. पुन्हा दाबले. "आणि आता?" त्यांच्या तोंडावरूनच तिला उत्तर कळलं. तिनं त्यांचा हात धरला आणि त्यांना पार उसाच्या बांधापर्यंत नेलं, माझ्यापासून लांब. मी इथून बघत होते. तिथं तिनं परत त्यांचे कान झाकले. वाजतंय म्हणून त्यांनी सावकाश मान हलवली.

परत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही कानांवर पिवळी बोटं उमटली होती. त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "हिचं काय न्हाई. माझंच वाजतंय," म्हणाले आणि माझ्या बंपरवर बसून लहान मुलासारखे रडले. तोफांच्या शेजारी आयुष्य काढलेला माणूस! विजयमाला त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. माझ्या डोळ्यांना, म्हणजे दिव्यांना, पाणी येत नाही. आलं असतं.

बेंदूर झाल्यावर दोघं सांगलीच्या डॉक्टरांकडं गेली, माझ्यातूनच. मागून हॉर्न आला की ती त्यांच्या दंडावर थापटायची. परतीच्या वाटेवर हवालदारांनी मला घाटाच्या पायथ्याला थांबवलं, पण बंद केलं नाही.

"एक कान गेला, दुसरा निम्मा. आणि ही टिणटिण जन्माची, म्हणत्यात. भाडं बंद आता. लोकांचा जीव माझ्या कानावर कसा टाकू?"

विजयमाला ओरडूनच बोलली, "मग गाडी? त्यो नानासो वाट बघतोय."

माझं इंजिन चुकलं एकदा.

"हिला इकून कसं चालंल?" हवालदार म्हणाले. "हिची धडधड चालू असती, तेवढा येळच डोक्यातलं गप बसतंय."

आता एकोणऐंशी साल चाललंय. मी गोठ्याशेजारच्या छपरात असते. महिन्यातून एकदा पाटणच्या बाजाराला जाते, दोघांना घेऊन. पत्रा गंजलाय, गादी फाटलीय. भंगारवाले अधूनमधून डोकावतात. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, हवालदार आहेत तोवर इकडं फिरकू नका. मला रस्त्याची हौस आता राहिली नाही. काळीज तेवढं चालू ठेवायचंय.

कारण दिवस कलला की ते येतात, मला चालू करतात आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून डोळे मिटतात. विजयमाला शेजारच्या सीटवर शेंगा सोलत बसते. एकदा बनुबाईनं कुडावरून ओरडून विचारलं, "हवालदार, गाडी काढून कुठं निघालासा?"

माझी एवढी धडधड चाललेली. विजयमालानं दंडावर थापटून प्रश्न सांगितला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"कुठं न्हाई गं," ते म्हणाले. "जरा गप बसाय आलोय."