हा इंजिनिअर आहे का?

रांगेतून बाजूला काढलेल्या माणसाकडे उरलेली रांग कशी बघते, हे इतोहान आगेदोला त्या दिवशी कळलं. अमेरिकेतल्या विमानतळावर काचेमागच्या अधिकाऱ्याने तिचा पासपोर्ट उलटापालटा केला, जन्मगावाच्या ओळीवर बोट टेकवलं आणि 'तिकडे जाऊन बसा' म्हणून हात दाखवला. लागोसपासून शेजारी बसून जिने इतोहानच्याच पुडीतलं चिन-चिन, शंकरपाळ्यांसारखं तळलेलं, खाल्लं होतं, त्या बाईने नजर वळवली आणि मोकळ्या झालेल्या जागेत एक पाऊल पुढे सरकली.

जन्मगाव नायजेरियातलं बेनिन सिटी. तिथून परदेशी निघालेल्या माणसाबद्दल लोकांचं मत आधीच ठरलेलं असतं. मुलगी असेल तर इटलीच्या रस्त्यांवर उभी राहायला चालली, मुलगा असेल तर इंटरनेटवर बसून जगाला टोप्या घालणारा. इतोहान बत्तीस वर्षांची होती. सात वर्षं लागोसमध्ये नोकरी करत होती. कुठल्या रुग्णालयात कुठल्या गटाचं रक्त शिल्लक आहे हे मिनिटात सांगणारा प्रोग्रॅम तिने आणि तिच्या चार सहकाऱ्यांनी मिळून लिहिला होता. तो पाहून मिनियापोलिसच्या एका कंपनीने तिला दोन आठवड्यांसाठी बोलावलं होतं. निमंत्रणाचं पत्र, नोकरीचं पत्र, परतीचं तिकीट, सगळं पिशवीत क्रमाने लावलेलं. आईने निघताना बजावलं होतं, "विचारतील तेवढंच बोल. तुझी जीभ फार लांब आहे."

आतल्या खोलीत हॉलिस नावाचा अधिकारी होता. चाळिशीचा, डोळ्यांखाली काळं, आवाज मात्र सभ्य. पत्रं त्याने चाळली आणि बाजूला ठेवली.

"कागद काय, कुणीही छापून आणतं," तो म्हणाला. "तुम्ही खरंच प्रोग्रॅम लिहिता?"

"हो."

"मग या दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. दहा मिनिटं."

त्याने कोरा कागद पुढे सरकवला. प्रश्न त्याच्या हातातल्या छापील पानावर होते आणि त्यांच्याखाली उत्तरंही असावीत, कारण ते पान तो छातीशी धरून बसला होता. पहिला प्रश्न : शंभर आकडे क्रमाने लावायचे तर सर्वांत जलद रीत कोणती? दुसरा : दोन आकड्यांतला मोठा कोणता, हे ठरवणारा प्रोग्रॅम लिहा.

इतोहान चोवीस तास झोपली नव्हती. तरी दुसरा प्रश्न वाचून तिला हसू आलं, इतका तो सोपा होता. ते हसू तिने गिळलं. पहिल्याखाली मात्र तिने प्रामाणिकपणे लिहिलं की आकडे आधीच थोडेफार क्रमात असतील तर एक रीत बरी, अगदी विस्कटलेले असतील तर दुसरी.

हॉलिसने तिचा कागद आपल्या पानाशेजारी धरला. लहान मूल दोन चित्रांतला फरक शोधतं तसा तो ओळीवरून बोट फिरवत राहिला.

"पहिलं चूक. इथे एकच शब्द आहे. तुम्ही परिच्छेद लिहिलाय."

"साहेब, ते आकड्यांवर अवलंबून आहे."

"मला 'अवलंबून आहे' नकोय. उत्तर हवंय. आणि दुसरं जुळत नाही."

"तुमच्या पानावर दुसऱ्या भाषेत लिहिलं असेल. कॉम्प्युटरच्या भाषा अनेक असतात. अर्थ एकच आहे."

"जुळत नाही," तो पुन्हा म्हणाला. "तुमच्या कंपनीला फोन लावतो. तोवर बाहेर बसा."

बाहेर म्हणजे खिडकी नसलेला हॉल आणि जमिनीला खिळवलेल्या खुर्च्या. इतोहान बसली ती धुमसतच. ज्याला ओ की ठो कळत नाही तो आपली परीक्षा घेतो आणि नापास करतो!

"कोयो, ताई," शेजारून हलका आवाज आला. आपल्या एदो भाषेतला नमस्कार ऐकून ती दचकलीच. चाळिशीचा एक माणूस होता. तपकिरी कडक इस्त्रीचे कपडे, मांडीवर जाड फाइल. "तुम्ही आपल्याकडच्या ना?"

"कशावरून?"

"बॅगेच्या पट्टीवर आगेदो लिहिलंय. असली नावं काय चीनमध्ये ठेवतात?"

इतोहानला नाइलाजाने हसू आलं. त्याने आपलं नाव सांगितलं, ओसायांदे इयामू, सापेले रोडवर राहतो. मग खाली वाकून बुटाची नाडी बांधायचं नाटक करत त्याने विचारलं, "आत काय विचारतात हो? तुम्ही आत्ताच जाऊन आलात. माझ्या कागदावर इंजिनिअर लिहिलंय, म्हणून म्हटलं थोडी तयारी करावी."

तिचं हसू मावळलं. तयारी? खऱ्या इंजिनिअरला तयारी कशाला लागेल? असे लोक तिला ठाऊक होते. पैसे देऊन पत्रं करवून घ्यायची, विमानात बसायचं आणि तिकडे उतरून गर्दीत मिसळायचं. अशांच्या पायी तर आपल्यासारख्यांना शाळकरी पोरासारखं कागदावर लिहून दाखवावं लागतं. तिने वर पाहिलं. छताला कॅमेरा होता.

"मला बोलायचं नाहीये, दादा. बघतायत ते."

"अहो, एवढंच सांगा, तोंडी असतं की—"

ती उठली आणि चार खुर्च्या सोडून जाऊन बसली. तो ओशाळला. फाइल उघडून उगाच कागद सारखे करू लागला. थोड्या वेळाने त्यालाही आत बोलावलं.

तासाभराने हॉलिस बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तिचा पासपोर्ट होता. तिने तो आधी पाहिला, मग त्याचा चेहरा. चेहरा जरा उतरलेला होता.

"तुमच्या कंपनीतल्या बाई फोनवर माझ्यावर ओरडल्या," तो म्हणाला. "तुमची दोन्ही उत्तरं बरोबर आहेत म्हणे. माझं पानच अर्धवट आहे."

इतोहानने मान हलवली. विचारतील तेवढंच बोलायचं.

"जाण्याआधी एक मदत करा." त्याने पासपोर्टाखालून एक कागद काढला. "तो मघाशी तुमच्याशी बोलत होता ना, तो माणूस. प्रश्न तेच. मला यातलं काही समजत नाही, हे तर तुम्ही पाहिलंतच. हा इंजिनिअर आहे का?"

हॉलच्या पलीकडच्या काचेतून ओसायांदे दिसत होता. टेबलाशी ताठ बसून तो तिच्याकडेच बघत होता.

पहिल्या प्रश्नाखाली त्याने लिहिलं होतं : शेजारचे दोन घ्या, चुकीचे असतील तर अदलाबदल करा, शेवटपर्यंत जा, पुन्हा सुरुवात करा. ही रीत चालते, पण सर्वांत संथ. नवशिके शिकतात ती. दुसऱ्या प्रश्नाखाली एक अक्षर नव्हतं. नुसत्या रेघा, छोटे छोटे आकार, बाणासारखं काहीतरी. प्रोग्रॅम लिहा म्हटल्यावर या माणसाने रेघोट्या ओढल्या होत्या.

पासपोर्ट अजून हॉलिसच्याच हातात होता. अंगठा आत खुपसलेला.

"मी... असं कसं सांगणार?"

"तुम्हाला काय वाटतं ते सांगा. हा प्रोग्रॅम आहे का?"

"नाही. हा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस नाही."

"थँक यू," हॉलिस म्हणाला. त्याने कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी खरडलं आणि पासपोर्ट तिच्या हातात दिला. एवढंच. जेमतेम अर्ध्या मिनिटाचं काम. बॅग ओढत ती काचेसमोरून गेली तेव्हा ओसायांदेने हात वर केला आणि हसला. तिनेही हात वर केला. काय करणार होती?

मिनियापोलिसमध्ये तिचं कौतुक झालं. फोनवर ओरडलेल्या बाईंनी तिला घरी जेवायला नेलं आणि टेबलावर सगळ्यांना तो किस्सा सांगितला. लोक हसले, चिडले, एकाने तर वर्तमानपत्राला लिहा म्हणून सुचवलं. इतोहानने किस्सा पुरा केला, पण आपल्या वाट्याचा. काचेमागच्या माणसाचं तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर काय सांगायचं? खोटं तर बोलले नाही. एक शब्दही खोटा नव्हता. हेच वाक्य ती दोन आठवडे स्वतःला सांगत राहिली, आणि ज्या वाक्याची रोज उजळणी करावी लागते त्यात कुठेतरी खोट असते, हेही तिला कळत होतं.

ईस्टरला ती बेनिनला आईकडे गेली. दोन दिवस घरात घुटमळली. तिसऱ्या दिवशी सकाळी सापेले रोडवर जाऊन इयामूंचं नाव विचारलं. फार शोधावं लागलं नाही. "रुग्णालयाची मशिनं बरी करणारा इयामू का?" टायरवाल्याने उलट विचारलं. "ते निळं दार."

निळ्या दारामागे तो होता. पुढ्यात पोट उघडून ठेवलेलं सोनोग्राफीचं मशीन, कपाळावर दिवा, हातात सुईसारखं टोक असलेलं डाग देण्याचं अवजार. भिंतीवर पॉलिटेक्निकचं प्रमाणपत्र. तिला पाहताच तो उठला.

"अरे, ताई! या, या. बसा. खुर्ची पुसतो थांबा." त्याने कपाळावरचा दिवा काढला. "मी बायकोला सांगतो नेहमी, तिथे आपल्या गावची एक बाई होती, माझ्यासाठी बोलली. त्यांनी ऐकलं नाही, मला परत पाठवलं, पण ती बोलली."

इतोहान उभीच राहिली. हा इथे राग घेऊन बसला असेल, शिव्या देईल, या तयारीने ती आली होती. शिव्या सोप्या गेल्या असत्या.

"तुम्ही कशाला निघाला होता, दादा?"

"ही मशिनं. ओहायोमध्ये एक कंपनी जुनी मशिनं दुरुस्त करून गरीब देशांना पाठवते. तीन महिने शिकायला बोलावलं होतं. पत्रात नुसतं इंजिनिअर लिहिलेलं. तो म्हणाला, प्रोग्रॅम लिही. मी म्हटलं, साहेब, मी तारा आणि मशिनांवरचा माणूस. तो म्हणाला, इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. मग सुचलं तसं काढून दिलं."

"ते चित्र?"

"चित्र कसलं, सर्किट आहे ते. दोन आकडे इकडून घालायचे, मोठा असेल तिकडचा दिवा लागतो." त्याने हाताशी असलेल्या खोक्याच्या झाकणावर पेन्सिलने ते पुन्हा काढलं. तेच आकार, तोच बाण. आता तो शांतपणे समजावत होता आणि तिला प्रत्येक रेघ समजत होती. उत्तर बरोबर होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तीही हे शिकली होती.

"त्यांनी मला विचारलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुमचा कागद दाखवून विचारलं, हा इंजिनिअर आहे का. मी म्हटलं, प्रोग्रॅम लिहिणारा माणूस नाही. तेवढंच म्हटलं. मी तुमच्यासाठी बोलले नाही."

ओसायांदेने पेन्सिल खाली ठेवली. बाहेर कुणाचा तरी जनरेटर सुरू झाला आणि मशीनच्या पत्र्याचं झाकण टेबलावर थरथरू लागलं. त्याने हाताने ते दाबून धरलं.

"खरंच तर बोललात," तो म्हणाला. "मी प्रोग्रॅम लिहीत नाही."

"दादा, मला वाटलं तुम्ही—"

"चोर आहात. माहितीये काय वाटलं ते. चार खुर्च्या लांब जाऊन बसलात तेव्हाच कळलं होतं. तरी मी म्हटलं, घाबरली असेल बिचारी." आता त्याचा आवाज चढला. "तो गोरा, त्याला काय कळतंय! पण तुम्ही तर आपल्या भाषेत बोलत होतात माझ्याशी. एकदा विचारायचं होतं, दादा, तुम्ही काय काम करता? एवढंच. एवढं विचारलं असतं तर काय कॅमेरा अंगावर पडला असता?"

ती खुर्चीच्या काठावर टेकली. त्याने तिला जा म्हटलं नाही आणि बस असंही म्हटलं नाही. वळून तो पुन्हा डाग देऊ लागला.

त्या आठवड्यात तिने पत्र लिहिलं. अधिकाऱ्याने काय विचारलं, आपण काय म्हटलं, कागदावर काय होतं आणि ते का बरोबर होतं, सगळं. आपली चूक पहिल्याच परिच्छेदात घातली. ते अमेरिकन वकिलातीला पाठवलं, ओहायोच्या कंपनीला पाठवलं, मिनियापोलिसच्या बाईंकडून त्यावर सही आणली. कंपनीने लगेच कळवलं : वाईट वाटलं, पण ती जागा अक्राच्या एका माणसाला दिली, पुढच्या वर्षी बघू. वकिलातीने पत्र मिळाल्याची पोच दिली.

नोव्हेंबरमध्ये ओसायांदेने त्या पत्राची प्रत जोडून पुन्हा अर्ज केला. मुलाखतीला तो लागोसला आला तेव्हा इतोहान फाटकाबाहेर तीन तास उभी होती. तो बाहेर आला आणि लांबूनच त्याने मान हलवली. एकदा परत पाठवलेला माणूस म्हणून नोंद आहे, ती नोंद या खिडकीवरून पुसता येत नाही, असं सांगितलं होतं.

"पत्र वाचलं त्यांनी?"

"वाचलं. खिडकीवरच्या पोरीने तर नीट वाचलं. म्हणाली, सॉरी."

दोघं रस्त्याच्या कडेला उभं राहून भाजलेली केळी खात राहिली. जाताना तो म्हणाला, "तुम्ही आता स्वतःला फार मारून घेऊ नका. मी अजून चिडलेलो आहे, ते माझं मी बघेन."

त्यानंतर ती अधूनमधून त्याला फोन करी. कधी तो उचले, कधी नाही. जानेवारीत एकदा उचलला. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा का, हे तिने भीत भीत विचारलं.

"बायको म्हणते कर. मी म्हणतो—" इतक्यात त्याच्या दाराशी कुणीतरी धापा टाकत आलं. बाई टेबलावर आहे, मूल आडवं आहे, मशीनचा पडदा एकाएकी काळा झालाय, असं काहीबाही तो माणूस सांगत होता. ओसायांदेने फोन बंद न करताच टेबलावर ठेवला.

"थांब. श्वास घे आधी," त्याचा आवाज ऐकू आला. "काळा होण्याआधी पडदा चमकला का? पंखा फिरतोय? जळका वास येतोय की नाही?"

एकेक प्रश्न विचारून तो उत्तराची वाट बघत होता. मग अवजारांची पेटी ओढल्याचा आवाज आला, दार आपटलं. लागोसमध्ये इतोहान रिकामा फोन कानाला लावून बराच वेळ बसून राहिली.