कच्च्या रंगाची हिरवळ

साखळीसाहेबांनी सगळा जन्म साखळी घेऊन दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात काढला, म्हणून त्यांना हे नाव पडलं. निवृत्त झाल्यावर त्यांना स्वतःच्या अंगणात हिरवळ हवीशी झाली. रोपवाटिकेतल्या बाईंनी ऊन किती तास असतं ते विचारलं आणि सरळ हरळी लावायला सांगितली. या उन्हात दुसरं काही तग धरणार नाही म्हणाल्या. साहेबांना तो अपमान वाटला. गटाराकाठी फुकट उगवणारं गवत विकत कोण घेतं? त्यांनी पाकिटावरचं चित्र बघून थंड हवेतल्या गवताचं बी आणलं.

हिवाळाभर ते मखमलीसारखं वाढलं. मुलीच्या सासऱ्यांना, म्हणजे व्याह्यांना, साहेब फोनवर त्याचं रोज कौतुक ऐकवत. एकदा येऊन बघाच, असंही बोलून गेले. व्याह्यांनी यायचं ठरवलं ते नेमकं भर उन्हाळ्यात. तोवर गवताचा पार कडबा झाला होता.

बायकोने खरं सांगून टाकायला सुचवलं. साहेबांनी त्याऐवजी हिरव्या रंगाची पूड आणली, पाण्यात कालवली आणि फवारणीच्या पंपाने अख्खं अंगण रंगवलं. लांबून झकास दिसत होतं.

व्याही पांढऱ्याशुभ्र लेंग्यात आले. ओट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या, पण ते खास हिरवळीसाठी आले होते. थेट गवतावरच बसले. चहा संपवून व्याही उठले, तर लेंग्याची बैठक पोपटासारखी हिरवीगार. बायको रिकाम्या कपात बघत राहिली.

व्याह्यांचा तीस वर्षं कापड रंगवायचा कारखाना होता. त्यांनी लेंगा पुढे ओढून डाग अंगठ्याने चोळला.

“रंग कच्चा आहे,” ते शांतपणे म्हणाले. “मीठ घातलं नाहीत वाटतं.”

साहेबांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. व्याही इतके हसले, की त्यांना ओट्याचा खांब धरावा लागला.

मग साहेबांची चार बोटं आखूड पँट घालून व्याही त्यांच्याबरोबर रोपवाटिकेत गेले. बाईंनी टोमणा मारला नाही. हरळीच्या मुळ्यांचं पोतं दिलं आणि समजावलं: तुकड्याची गाठ मातीत जाऊ द्या, वीतभर अंतर ठेवा, रुजेपर्यंत रोज पाणी, पुढे आठवड्यातून दोनदाच, पण भरपूर, म्हणजे मुळं खोल जातात.

दोन दिवसांसाठी आलेले व्याही आठ दिवस राहिले. साहेब दोरी ताणत, व्याही तुकडे खोचत. वीत कोणाची धरायची, यावरून रोज वाद झाला.

दोन महिन्यांत हरळीने अंगण भरून टाकलं. फक्त कोपऱ्यातल्या झाडाखाली काही केल्या धरेना. सावली तिला सोसत नाही. साहेब पुन्हा कुदळ घेऊन निघाले, तेव्हा बायकोने त्या उघड्या मातीवर दोन खुर्च्या आणून टाकल्या.

“इथे काही उगवायचं नाही,” ती म्हणाली. “बसा आता.”